प्लेगचे क्रूस आणि लशीची सुई

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील व्याख्यान)



महोत्सवमंडळानें 'साथीच्या काळांतील अफवा' या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हां हा विषय मंगल प्रसंगीं शोभेल काय, अशी शंका आमच्या मनांत प्रथम आली. परंतु पन्नास वर्षांचा हिशोब मांडावयाचा, तर त्यांतून २०२० व २०२१ हीं दोन वर्षें गाळतां येणार नाहींत. त्या काळांत या देवळाचीं दारें बंद राहिलीं आणि कित्येक आप्तांस आपणांस शेवटचा निरोपहि देतां आला नाहीं. तथापि जवळचें नीट दिसावें म्हणून आधीं दूरचें पाहूं.

वांद्र्याच्या जुन्या वाड्यांतून फिरतांना ठिकठिकाणीं क्रूस दिसतात. त्यांपैकीं अनेक क्रूस १८९६ सालीं मुंबईंत आलेल्या प्लेगच्या काळांत आपल्या पूर्वजांनीं उभारिले. त्याच सालीं सप्टेंबरांत मांडवीच्या वस्तींत एका रोग्यास तपासून 'हा गांठीचा प्लेग आहे' असें निदान करणारे डॉक्टर आपल्यांतलेच होते. गोव्यांतील हडफडे गांवीं जन्मलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस तेच हे. धोबीतलावास मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपण त्याच्यावरून शेंकडों वेळां गेलों असूं. मान वर करून किती जणांनीं पाहिला असेल, तें ज्याचें त्यानें मनांत म्हणावें.

रोगाच्या पाठोपाठ अफवा आल्या. इस्पितळांत माणसांस मारून त्यांच्या देहाची मोमियाई काढतात, अशी एक वदंता होती. राणीच्या पुतळ्यास कोणीं डांबर फासलें म्हणून तिनें माणसांचीं काळजें मागविलीं आहेत, अशी दुसरी. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यांस अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यांच्या जागीं उभें राहून पाहावें. इस्पितळांत पोंचणारा रोगी बहुधा मरणाच्या दारांतच असे. घरच्यांस एवढेंच दिसे कीं, माणूस जिवंत गेला आणि परत आला नाहीं. त्यांत सरकारनें घरझडत्यांचा मार्ग धरिला. पुण्यास गोरे सोजीर घराघरांत, स्वयंपाकघरापर्यंत शिरले. त्या संतापाचें पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली जाण्यांत झालें. जुलमानें भय वाढतें, आणि अफवेस दुसरें खाद्य लागत नाहीं.

याच मुंबईंत त्याच वेळीं दुसरा एक मनुष्य वेगळ्या रीतीनें काम करीत होता. वाल्देमार हाफकिन हे ओदेसा येथें जन्मलेले यहुदी. ग्रँट मेडिकल कॉलेजांत बसून त्यांनीं प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. त्यांनीं त्या लपविल्या नाहींत. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांस ती दिली. जंतु वाढविण्यासाठीं मांसाचा रस लागे. येथील लोकांच्या भावना ध्यानीं घेऊन त्यांनीं गाईडुकराचें मांस वर्ज्य करून बकऱ्याचें वापरलें, व वर तुपाचे थेंब सोडले. लोकांची शंका खुळचट मानणाऱ्या माणसास हें सुचलें नसतें. तिसऱ्या आगाखानांनीं तर आपल्या अनुयायांसमक्ष लस टोंचून घेतली. ज्याच्यावर आपला विश्वास त्याच्याच दंडांत सुई शिरतांना पाहिली, मग व्याख्यानाची गरज कितीशी उरते!

आतां अवघड भाग सांगतों; तो गाळला तर आमचें भाषण अप्रामाणिक ठरेल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ माणसांस ही लस टोंचली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. एकोणीसहि जणांस एकाच बाटलींतील लस दिलेली होती. सरकारनें हाफकिन यांस दोषी धरून कामावरून दूर केलें. पुढें बारकाईनें पाहतां निष्पन्न झालें तें असें: बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरता निर्जंतुक न करितांच त्यानें बूच काढलें होतें. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनीं हाफकिन यांची बाजू उचलून धरिली आणि १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेस १९२५ पासून त्यांचेंच नांव आहे. परंतु त्या एकोणीस घरांस 'लस वाईट नव्हती, चिमटा वाईट होता' हें कोणीं कसें सांगितलें असेल, याचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. अफवेच्या पोटीं पुष्कळदां असा सत्याचा एखादा कण असतो. तो कण नाकारला कीं ऐकणारा आपलें बाकीचें खरेंहि नाकारतो.

आतां आपल्या वाडीकडे येऊं. १६ जानेवारी २०२१ रोजीं देशांत कोरोनाची लस सुरू झाली व १ मार्चपासून साठीवरील सर्वांस मिळूं लागली. आम्ही चौघे यादी घेऊन घरोघर निघालों. भ्रमणध्वनीवर तेव्हां काय काय येत होतें, तें आपणांस आठवतच असेल: लशीनें वंध्यत्व येतें, लस घेणारा दोन वर्षांत मरतो. साठी उलटलेल्या एका गृहस्थानें आम्हांस दारांतच असलाच एक संदेश दाखविला. आमच्यांतील एकजण त्यावर विनोदानें बोलला आणि आम्ही सारे हंसलों. गृहस्थानें शांतपणें दार लावून घेतलें. एप्रिलांत दुसऱ्या लाटेंत तो आजारी पडला. दोन दिवस खाट मिळाली नाहीं. तिसऱ्या दिवशीं गेला. मार्चांतील एका टोंचणीनें तो वांचलाच असता, असें कोणास ठामपणें म्हणतां येणार नाहीं. तथापि त्या दारावरून आम्ही हंसत परतलों होतों, हें खरें आहे.

त्यानंतर आम्ही आपल्या धर्मग्रामांतील एका परिचारिकेस बरोबर घेतलें. एका आजीबाईंनीं तिला विचारलें, "तुझ्या आईला दिलीस का ग?" ती म्हणाली, "दिली, आजी. दोन दिवस ताप होता, हात वर होत नव्हता. मी जवळच बसून होतें." आजींनीं पुन्हां विचारलें, "आणि कोणाला बाधलीच तर?" तिनें सांगितलें कीं, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा प्रकार लाखांतून एखाद्यास होतो, अमुक लक्षणें दिसलीं तर रात्रीं-अपरात्रीं मला हांक मारा. आजी उठल्या व पेटींतून आधारपत्र काढूं लागल्या. आम्हांस जें सबंध महिन्यांत साधलें नव्हतें, तें तिला घटकेभरांत साधलें.

कांहीं श्रद्धाळू मंडळींची शंका निराळ्या जातीची होती. फार वर्षांपूर्वीं गर्भपात झालेल्या अर्भकाच्या पेशींपासून वाढविलेल्या पेशी कांहीं लशींच्या निर्मितींत वापरतात, हें त्यांनीं ऐकलें होतें. आणि तें खोटें नव्हतें. त्यावर रोमच्या धर्मसिद्धांतमंडळानें २१ डिसेंबर २०२० रोजीं खुलासा केला होता: दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसतां ही घेणें नीतीस धरून आहे, मात्र लस घेणें ऐच्छिक असावें. हा खुलासा आम्हीं देवळाच्या फलकावर मराठींत लाविला, पण मे महिन्यांत. तो जानेवारींतच लावावयास हवा होता.

२०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवराची साथ आली आणि बालकें दगावलीं. आजारी पडलेल्या बऱ्याच मुलांस लस मिळालेली नव्हती. म्हणून आजच्या सभेस त्याच परिचारिका आमच्या विनंतीवरून आल्या आहेत. मागच्या बांकावर त्या बसल्या आहेत. सभा संपल्यावर मुलांच्या टोंचणीचीं कार्डें घेऊन त्यांच्याकडे जावें. जें विचारावयाचें तें निःसंकोच विचारावें. आम्हीहि रांगेंत उभे राहूं, कारण आमच्या नातवाचें कार्ड अजून अपुरें आहे.