ॲक्सेसमधली मराठी यादी पायथॉनने वाचताना

मी रायपूरहून बोलतोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर इथल्या एका मराठी वाचनालयाच्या पुस्तकांची यादी सांभाळायचं काम मी घेतलं. यादी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या जुन्या फाईलमध्ये आहे आणि ती फाईल एकाच संगणकावर. तो बंद पडला तर पुस्तकं कपाटात राहतील, पण कोणतं कुठे आहे हे सांगता येणार नाही. अशी यादी बाहेर कशी काढायची, ते आज पाहू.

आधी फाईलची प्रत काढा. पुढचं सगळं काम प्रतीवरच.

पायथॉन ही फाईल थेट वाचत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, त्याचं नाव ओडीबीसी ड्रायव्हर. त्याच्याशी बोलायला 'पायओडीबीसी' हे मॉड्यूल घ्या. जोडणीच्या ओळीत दोनच गोष्टी द्यायच्या: ड्रायव्हरचं नाव आणि फाईलचा पूर्ण पत्ता.

बहुतेक जण इथेच अडतात. संगणकावर ॲक्सेस असतं, तरी ड्रायव्हर सापडत नाही असा संदेश येतो. कारण साधं आहे. ऑफिस ३२ बिटचं आणि पायथॉन ६४ बिटचं असेल, तर दोघांची गाठ पडत नाही. ऑफिसला हात लावू नका, त्याच बिटचं पायथॉन घ्या.

फाईल ॲक्सेस ९७ ची असेल तर २०१३ पासूनचं ॲक्सेस ती उघडत नाही. २०१० किंवा त्याआधीच्या ॲक्सेसमध्ये उघडून नव्या स्वरूपात जतन करा.

खरी कसोटी पुढे आहे. ॲक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो. पण तेव्हा आपण मराठी टाइप करायचो ते बहुधा विशिष्ट फॉन्टच्या संकेतांत. म्हणून पडद्यावर मराठी दिसणारं शीर्षक पायथॉनमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन येतं. घाबरू नका, माहिती शाबूत आहे. फॉन्टचं नाव शोधा आणि त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरा. नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल पुरत नाही. अशा फॉन्टमध्ये 'कि'ची वेलांटी आधी आणि 'क' नंतर असतो, युनिकोडमध्ये उलट. रफाराचीही जागा बदलते.

शेवटी यादी युटीएफ-८ मध्ये सीएसव्ही फाईल म्हणून लिहा. मग हजेरी घ्या: ॲक्सेसमध्ये जितक्या नोंदी, तितक्याच इथे हव्यात. एकही कमी असेल तर काम पूर्ण झालेलं नाही. जमली की प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.