गाय वांझ नाही, गर्भ टिकला नाही



गाय भरवली आणि २१ व्या दिवशी पुन्हा माजावर आली, की आपण म्हणतो, उलटली. दोनदा उलटली की घरात वांझपणाची कुजबुज, तिसऱ्यांदा बाजाराचा रस्ता. आम्ही आज एवढंच सांगायला उभे आहोत, की उलटलेल्या पुष्कळ गाईंना गर्भ धरलेला असतो. तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मरतो.

का मरतो? ज्वारीचा दाणा आठवा. कोंब फुटल्यावर काही दिवस तो दाण्यातल्याच शिदोरीवर जगतो. मग मुळं धरतात आणि स्वतः कमावतो. गाईचा गर्भही तसाच. आधी आईने अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो. जनुकं म्हणजे पेशीला काम नेमून देणारे हुकूम. गर्भाचे स्वतःचे हुकूम जोमाने सुटतात ते ८ ते १६ पेशी झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर तो फार नाजूक.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाचा प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. भरवलेल्या गाईंना पहिल्याच दिवशी उष्णतेचा ताण बसला, तर गर्भांची वाढ खुंटली. तिसऱ्या दिवसापासून पुढे बसला, तर ते बरेच तगले.

पुढची परीक्षा १५ ते १७ व्या दिवसाच्या सुमारास. गर्भ इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो. ‘मी आहे’ हा त्याचा आईला निरोप. दुबळ्या गर्भाचा निरोप पोचत नाही आणि गाय माजावर येते.

मग करायचं काय? सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. गाय भर उन्हात चालवत नेऊ नका. भरवल्यावर तीन-चार दिवस तिला सावली आणि पोटभर पाणी द्या. पिकणाऱ्या अंड्यालाही ऊन बाधतं, म्हणून उन्हाळ्यात माजाच्या आधीपासूनच जपा. तीनदा उलटली तर डॉक्टरकडून गर्भाशय तपासून घ्या.

एकदा उलटणं म्हणजे २१ दिवसांचा कडबा आणि ढेप वाया. हा तोटा आपण वहीत मांडत नाही. तो मांडा. रेतन करणाऱ्याकडून माजाची वेळ आणि तारीख लिहून मागा, गोठ्याच्या भिंतीवर लिहा. गाय विकायची की ठेवायची, हे ती तारीख बघून ठरवा.