डोक्यावरचं ओझं

आमचं कोडोली उसाचं गाव. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणेचा साखर कारखाना शेजारीच, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात उमेदवारी करून आलेली पोरं गावात बरीच. मीही त्यातलाच. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करतो.

काही वर्षांपूर्वी शेडच्या कैचीला चेन ब्लॉक टांगून दोन फ्लायव्हीलचं एक जुनं इंजिन उचललं. वजन तीनशे किलोच्या पुढे. चार बोटं वर आलं आणि कैचीचा अँगल वाकला. पुतण्याचा पाय थोडक्यात वाचला. कैची असते पत्रे आणि वारा सोसण्यासाठी. हे मला ठाऊक होतं, तरी केलं.

मग पुतण्याच म्हणाला, "तात्या, कारखान्यासारखी क्रेन बसवूया."

रचना तशी सोपी. दोन बाजूंना दोन रूळ, त्यांवर चाकांनी धावणारा आडवा गर्डर, आणि गर्डरवर सरकणारा चेन ब्लॉक. म्हणजे हुक रुळांमधल्या जागेत हवा तिथे नेता येतो. उचलायचं अर्ध्या टनाच्या आतच, पण हिसका धरून आम्ही क्षमता एक टन ठरवली.

शेड वीस फूट रुंद. मला गर्डरही वीस फुटी हवा होता. ओळखीच्या इंजिनिअरने विचारलं, "भिंतीलगतच्या लेथवर इंजिन ठेवणार आहात का?" पंधरा फूट पुरणार होते. तोच गर्डर, तेच ओझं, पण पंधराचे वीस फूट केले की मधला झोल जवळजवळ 2.4 पट होतो, कारण झोल लांबीच्या घनाने वाढतो. ओझं मधोमध असताना गर्डरला ताण जास्त. ते कडेला नेलं की जवळपास सगळा भार त्या बाजूच्या रुळावर जातो. म्हणून खांब निम्म्या भाराचा धरून चालत नाही. पाया तर आमच्या काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खणायचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

उंचीचा हिशेब मी आधी चुकलो होतो. ट्रॉलीचा तळ साडेतीन फूट, इंजिन साडेतीन, साखळीचा फास दीड आणि पूर्ण ओढलेला चेन ब्लॉक दीड. झाले दहा फूट, गर्डर त्याच्याही वर. ट्रॉलीचा फळका पाडल्याशिवाय जमणार नाही.

1948 च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांतल्या क्रेनची वर्षातून एकदा तपासणी सक्तीची केली होती. घरच्या शेडमध्ये तपासायला कोण येतो? म्हणून आम्हीच ठरवलंय, पहिल्या दिवशी सव्वापट ओझं टांगायचं. पन्नास किलोची पंचवीस सिमेंटची पोती, जमिनीपासून फक्त चार बोटं वर. त्या वेळी पुतण्याने दाराबाहेर उभं राहायचं. त्याने अजून ते कबूल केलेलं नाही.