स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची साधना



पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा म्हणजे महाविद्यालयीन रंगकर्मींची पहिली शाळा. सप्टेंबर २०२२ मध्ये या स्पर्धेत एक विलक्षण घटना घडली. करंडकास पात्र ठरावी अशी एकही एकांकिका अंतिम फेरीत आढळली नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला आणि करंडक कोणालाच मिळाला नाही. रात्रीचा दिवस करून तालमी केलेली मुले हिरमुसली. निर्णय योग्य की कठोर, यावर पुष्कळ चर्चा झाली. त्या वादाचा निवाडा करणे हा येथे हेतू नाही. परंतु त्यामागचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. नाट्यविद्यार्थ्याने ‘स्वतःचे’ काही निर्माण करावयाचे, म्हणजे नेमके काय करावयाचे?

आजवर कोणी न सांगितलेली गोष्ट शोधणे म्हणजे स्वतंत्र निर्मिती, असा एक समज आहे. महाकवी भासाचे ‘ऊरुभंग’ हा समज खोटा ठरविते. ही एकांकिकाच आहे आणि तिची कथा महाभारतातील, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली. पण भासाचा दुर्योधन मांड्या भंगून पडला असता त्याचा लहानगा पुत्र दुर्जय मांडीवर बसावयास येतो, आणि तो हतबल पिता मुलाला पांडवांची सेवा करण्यास सांगतो. कथा जुनी, पात्रे जुनी. पाहणारी दृष्टी मात्र भासाची स्वतःची. शतकानुशतके विस्मृतीत गेलेली ही नाटके गणपतिशास्त्रींनी केरळात शोधली आणि १९१२ पासून तिरुवनंतपुरमहून प्रकाशित केली.

याच सुमारास महाराष्ट्रात चाळिशीचा एक विद्यार्थी नव्या कलेचे धडे गिरवीत होता. दादासाहेब फाळके यांनी १९१० मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्या पडद्यावर त्यांना श्रीकृष्ण दिसू लागला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तंत्र शिकून, कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी प्रथम एक लघुपट केला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या बीचा वेल कसा होतो, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने टिपले. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. तो पाहूनच धनकोला विश्वास वाटला, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. यंत्र परदेशचे होते, प्रेरणाही परदेशी चित्रपटातून मिळाली होती. पण फाळक्यांनी त्याची नक्कल केली नाही. घरातील एका कुंडीकडे त्यांनी धीराने पाहिले.

आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाइलमध्येच कॅमेरा आहे. दुपारी सुचलेला लघुपट रात्री तयार होऊ शकतो. साधन सुलभ झाले, साधना मात्र सुलभ झालेली नाही. गाजलेल्या परकीय चित्रपटाचा साचा उचलणे, टाळ्यांसाठी धक्कादायक संवाद पेरणे, गेल्या वर्षी जिंकलेल्या एकांकिकेची री ओढणे, हे सारे सोपे आहे. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आजीचा दिवस कसा सरतो, कारखाना बंद पडल्यावर घरातील संभाषण कसे बदलते, हे महिनाभर पाहून एका तासात मांडणे अवघड आहे. समाजाशी जोडलेली कला या अवघड वाटेनेच येते.

येथे कुटुंबाचेही कर्तव्य आहे. फाळक्यांमागे सरस्वतीबाई उभ्या होत्या. त्यांनी दागिने दिले आणि चित्रफितीची कष्टाची कामेही केली. आजच्या घरात मात्र ‘यातून पुढे काय मिळणार?’ हाच प्रश्न आधी निघतो. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी या मुलांच्या प्रयोगाला तिकीट काढून जावे. प्रयोग रंगला तर पाठ थोपटावी. फसला तर तेही आपुलकीने, पण स्पष्टपणे सांगावे. खोट्या कौतुकाने कलावंत घडत नाही आणि उपेक्षेनेही घडत नाही. अंकुराला ऊनही लागते आणि पाणीही.