मुलामा, गंज आणि गावाचे पाणी

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे महाराष्ट्रातील गृहिणीला रसायनशास्त्राचे पुस्तक न वाचताही ठाऊक होते. म्हणून अधूनमधून दारावर कल्हईवाला येई. भाता, कोळसे, कथील, नवसागराची पूड आणि कापसाचा बोळा एवढीच त्याची सामग्री. तापलेल्या भांड्यात तो नवसागर टाकी, पांढरा धूर उठे, धातूवरील काळपट थर निघून जाई आणि मगच तो कथील फिरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्याला साध्या भात्याची आच पुरते. आज औद्योगिक वसाहतींतून यंत्रांच्या सुट्या भागांवर ज्या पृष्ठक्रिया केल्या जातात, त्यांचे मूळ सूत्र याहून निराळे नाही. पृष्ठभाग आधी पूर्णपणे स्वच्छ करावयाचा आणि मग त्यावर दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर बसवावयाचा. फरक आहे तो व्यापाचा. कल्हईवाल्याची राख अंगणातच विझत असे. कारखान्याचे धुवण ओढ्याच्या वाटेने दूरवर जाऊ शकते.

श्रोतेहो, लोखंड हवा आणि ओलावा मिळताच पुन्हा आपल्या खनिजरूपाकडे वळू लागते. त्यालाच आपण गंज म्हणतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर आपोआप तयार झालेला संरक्षक पापुद्रा. मोटारगाड्यांच्या पत्र्यावर रंगापूर्वी फॉस्फेटचा थर चढवितात, तो याच जातीचा, परंतु हेतुपुरस्सर केलेला उपाय होय.

पंचायतीच्या व्यवहारात मात्र सर्वाधिक संबंध येतो तो जस्ताच्या मुलाम्याशी. पाण्याचे नळ, शाळेचे पत्रे, काटेरी तार, दिव्यांचे खांब या सर्वांवर तो असतो. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. लोखंडी वस्तूवरील तेलकटपणा काढतात, ती आम्लाच्या हौदात बुडवून तिचा गंज उतरवितात, जस्त व नवसागर यांच्या क्षारद्रावणातून काढतात आणि सुमारे ४५० अंश तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवितात. तेथे जस्त लोखंडाला केवळ चिकटत नाही. दोहोंच्या सीमेवर मिश्रधातूचे थर तयार होतात. आणखी एक गुण असा, की मुलाम्याला ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी लगतचे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचविते. रंगाच्या अंगी हा गुण नाही. रंग एकदा फुटला की गंज त्याच्या आतून पसरतो.

या थराची जाडी किती? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. पाच मिलिमीटर व त्याहून जाड पोलादी कामासाठी दर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम जस्त असावे, असे ४७५९ क्रमांकाच्या भारतीय मानकाच्या १९९६ च्या आवृत्तीत सांगितले होते. हिशेब केला तर हा थर सुमारे ८५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. विजेच्या साहाय्याने चढविलेला जस्ताचा थर बहुधा याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच असतो. गंमत अशी, की तो दिसावयास अधिक देखणा! दुकानात चकाकणारा बोल्ट आणि करडा, थोडा खडबडीत बोल्ट शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाचा हात चकाकत्याकडेच जातो. घरातील कपाटाला तो चालेल. उघड्यावरील पाण्याच्या टाकीच्या शिडीला, आणि त्यातही कोकणच्या खाऱ्या हवेत, तो लवकरच तांबूस होतो. निविदेत नुसते ‘जस्त चढविलेले’ एवढेच लिहिले तर दोन्ही प्रकारचा माल नियमात बसतो आणि पुरवठादाराला दोष देता येत नाही. मुलाम्याची पद्धत आणि जाडी हे दोन शब्द निविदेत लिहावयास काही खर्च येत नाही. जाडी मोजण्यासाठी हातात मावणारे चुंबकीय उपकरण मिळते. माल उतरवून घेताना दहा-बारा ठिकाणी ते टेकविले तरी पुष्कळ उलगडा होतो.

उत्तम मुलाम्याचा नळही गावात आल्यावर बिघडू शकतो. जोडणीसाठी तो कापतात, आटे पाडतात, क्वचित वेल्डिंग करतात. तेवढ्या जागेवरील जस्त जाते. वेल्डिंगच्या वेळी उठणाऱ्या पांढऱ्या धुराने कारागिराला थंडी-ताप भरतो, म्हणून तेथील जस्त आधी घासून काढावे, काम उघड्या हवेत करावे आणि जोड थंड झाल्यावर त्यावर जस्तयुक्त रंग द्यावा. हा शेवटचा हात बहुतेक ठिकाणी राहून जातो. नळ प्रथम जोडावरच का गळतो, याचे उत्तर अनेकदा तेथेच सापडते.

विद्युतविलेपन ही दुसरी मोठी पद्धत. धातूच्या क्षाराच्या द्रावणात वस्तू ऋण टोकाला टांगतात आणि वीजप्रवाह सोडतात. द्रावणातील धातू वस्तूवर जमू लागतो. निकेल, क्रोमियम, तांबे, जस्त असे निरनिराळे थर याच रीतीने चढतात. थर पातळ व मोजका राहतो, म्हणून आट्यांच्या व अचूक मापाच्या भागांना ही पद्धत सोईची. तथापि तिची एक खोड ध्यानात ठेवावयास हवी. या क्रियेत निघणारा हायड्रोजन अतिकठीण पोलादात शिरतो आणि वरून निर्दोष दिसणारा बोल्ट ताण पडताच काचेसारखा तुटतो. त्यासाठी असे भाग मुलामा चढताच सुमारे २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवतात. वेळ वाचविण्यासाठी हा टप्पा गाळणे म्हणजे वाहनात बसणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

आता पाण्याविषयी. प्रत्येक हौदातून बाहेर निघणारी वस्तू आपल्याबरोबर थोडे द्रावण घेऊन येते आणि ते धुवावे लागते. समजा, एक लिटर द्रावण अंगावर आले आणि ते हजारपट पातळ करावयाचे आहे. एकाच टाकीत धुतले तर सुमारे १००० लिटर पाणी लागेल. दोन टाक्या ठेवल्या, वस्तू एका दिशेने व पाणी उलट दिशेने नेले, तर साधारण ३२ लिटरमध्ये तेच काम होते. तीन टाक्यांत सुमारे दहा लिटर पुरतात. हा हिशेब शाळेच्या फळ्यावर सोडवून दाखविता येईल असा आहे. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर धावतात, तेथील लहान कारखान्यात एक जादा टाकी बसविणे किती मोलाचे, हे निराळे सांगावयास नको. शिवाय घट्ट झालेले धुवण मूळ हौदात परत घालता येते आणि विकत घेतलेले रसायन गटारात जात नाही.

गटारात जाणाऱ्या द्रव्यांत सायनाइड व क्रोमियम यांचे भय सर्वाधिक. सायनाइडच्या हौदाचे पाणी आम्लाच्या पाण्यात मिसळले तर प्राणघातक वायू निर्माण होतो. म्हणून दोहोंची गटारे स्वतंत्रच हवीत. सायनाइडविरहित जस्तलेपन आज उपलब्ध आहे, तेव्हा जुना हट्ट धरण्याचे कारण नाही. क्रोमियमची कथा अधिक गुंतागुंतीची. क्रोमियमच्या हौदातून सतत बुडबुडे उठतात आणि आम्लाची सूक्ष्म फवार हवेत पसरते. हवा ओढून नेण्याची सोय नसेल तर कामगाराच्या नाकातील पडद्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये दिला. नटबोल्टांवर दिसणारी इंद्रधनुषी पिवळी झाक पूर्वी बहुधा याच क्रोमियमची असे. युरोपने वाहनांत त्याच्या वापरावर २००७ पासून बंदी घातली, आणि पुणे परिसरातून परदेशी भाग पाठविणाऱ्यांनाही त्रिसंयुजी क्रोमियमकडे वळणे भाग पडले. गावच्या ओढ्यासाठी जे आधीच व्हावयास हवे होते, ते परदेशी गिऱ्हाइकाच्या अटीमुळे घडले.

दूषित पाणी शुद्ध करण्याची रीत अवघड नाही. ते आम्लधर्मी करून त्यात सोडियम बायसल्फाइट घालतात. पिवळट पाणी हिरवट होते. मग चुना टाकला की क्रोमियम गाळाच्या रूपाने खाली बसते. हा गाळ घातक कचरा ठरतो. तो शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या भरावात टाकता येत नाही, अधिकृत केंद्राकडेच पाठवावा लागतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते. असा कारखाना हद्दीत असेल तर त्याला १९७४ च्या जल कायद्यान्वये प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे काय, आणि गाळ कोणत्या तारखेला कोठे गेला, ही माहिती पंचायतीने मागावी.

पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. विहिरीच्या पाण्यावर पिवळी छटा डोळ्यांना दिसू लागते, तेव्हा ते प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी पट पुढे गेलेले असते. म्हणून रंगाची वाट न पाहता कारखान्याच्या उतारावरील विहिरींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत, आणि सोबतच्या पत्रात क्रोमियमची तपासणी हवी असे स्पष्ट लिहावे. नेहमीच्या तपासणीत ती धरलेली असेलच असे नाही.