चराईच्या अर्जावर बाईचं नाव
(अष्टमी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. भात कापून झालेल्या शेतात मेंढरं बसतात. एक-दोन रात्री या शेतात, मग पुढच्या. शेताला लेंडीखत मिळतं, वाड्याला धान्य किंवा रोख रक्कम, आणि चरलेल्या जागेला उसंत. अमेरिकेत अशी आलटूनपालटून चराई करावी म्हणून सरकार कुंपणाला, पाणवठ्याला पैसे देतं. आपल्याकडे ही विद्या आहेच, फक्त तिला अडाणीपणा म्हणायची सवय लागली आहे.

कळपामागे पुरुष चालतो, तो सगळ्यांना दिसतो. बिऱ्हाड घोड्यावर लादणं, पुढच्या मुक्कामी चूल मांडणं, पाणी आणणं, कोकरं सांभाळणं, हे बाईचं. वाडा हलतो तो तिच्या श्रमावर.

महाराष्ट्र सरकारने २०१७ साली महामेष योजना आणली. २० मेंढ्या व एक नर, त्यावर ७५ टक्के अनुदान. पुढे चराईसाठीही मदत ठरली: जून ते सप्टेंबर दरमहा ६,००० रुपये, म्हणजे २४,०००. शिवारं पेरलेली असतात तेव्हाच चाऱ्याची अडचण असते, त्यामुळे महिने योग्य निवडले आहेत. महामेषमध्ये महिलांना ३० टक्के आरक्षणही आहे.

पण मेंढरं कुणाच्या नावावर? एका वाड्यावर मला एक टाकलेली बाई भेटली. तिची सात मेंढरं भावाच्या खांडात चरतात. राबते ती पूर्ण खांडासाठी. चराईच्या अनुदानाला किमान २० मेंढ्या लागतात, म्हणजे सरकारच्या लेखी ती मेंढपाळ नाहीच! अशा तिघी-चौघींचा एकत्र अर्ज का चालू नये? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

दुसरं, २००६ चा वनहक्क कायदा. त्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य आहे. धनगरांसारख्यांना मात्र तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. कागद कुठून आणणार? पण ज्येष्ठांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, आणि म्हाताऱ्या बायकांना वाटा पाठ असतात. कोणतं मूल कुठल्या शिवारात झालं, कुठे पाणी होतं, कुठे हाकलून दिलं, सगळं त्या सांगतात.

यंदा वाडे उतरले की वह्या घेऊन जाऊ या. जबाब आधी म्हातारीचा घ्यायचा, आणि खाली तिचंच नाव, तिचाच अंगठा.