जे बदलायचं नाही, त्याचीही टेस्ट लिहा

आजचा विषय थोडा किचकट, पण कामाचा: कोड बदलणाऱ्या कोडची टेस्ट कशी लिहायची?

दोन वर्षांपूर्वी आम्हाला एका जुन्या जावा प्रोजेक्टमधून कॉमन्स लँग ही लायब्ररी काढायची होती. तिच्या स्ट्रिंगयुटिल्स क्लासमधली ‘इझएम्प्टी’ मेथड शेकडो फाइल्समध्ये. हाताने कोण करत बसणार? मी ओपनरीराइटची रेसिपी लिहिली. रेसिपी म्हणजे सोर्स कोड वाचून त्यात ठरलेला बदल करणारा छोटा प्रोग्राम. ‘इझएम्प्टी’ दिसलं की तिथे साधी अट टाकायची: स्ट्रिंग नल आहे किंवा रिकामी आहे. पाच टेस्ट लिहिल्या, पाचही हिरव्या. कोड कंपाइल झाला. केलं मर्ज.

आठवड्याने सपोर्टचा फोन: बिलांवर ग्राहकाचं नावच नाही! झालं असं, की आमच्याकडे स्ट्रिंगयुटिल्स नावाचा घरचा क्लासही होता. तो नुसत्या स्पेसनाही रिकामं धरायचा. माझी रेसिपी फक्त नाव बघत होती, टाइप नाही. तिने घरचे कॉलही बदलले, आणि स्पेस भरलेली नावं बिनदिक्कत आत आली.

रेसिपी चुकली होतीच, पण मला टेस्ट जास्त लागल्या. पाचही टेस्ट ‘हे बदललं पाहिजे’ म्हणणाऱ्या. ‘याला हात लावू नकोस’ म्हणणारी एकही नाही.

खरं तर ते सोपं आहे. टेस्टमधल्या ‘रीराइटरन’ला कोडचे दोन तुकडे दिले, तर पहिला आधीचा, दुसरा नंतरचा. एकच दिला, तर अर्थ असा की काहीही बदलता कामा नये. सोबत घरच्या क्लासचा सोर्सही द्यायचा, म्हणजे टाइप नीट ओळखला जातो. रेसिपीत मेथडमॅचर वापरून पॅकेजसकट पूर्ण नाव जुळवायचं.

दुसरी केस: ‘इझएम्प्टी’च्या कंसात मेथड कॉल असेल तर? नव्या अटीत तो दोनदा चालेल! तिथेही हात लावायचा नाही.

आता मी आधी न बदलणाऱ्या केसेस लिहिते, मग बदलणाऱ्या. तुमच्या रेसिपीत अशा किती आहेत, आज एकदा मोजून बघा. भेटूया पुढच्या भागात!